वारा कुठून आहे?

ह्यांच्या यादीत दहा किनारे होते. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात मुक्कामापासूनचं अंतर, तिसऱ्यात गुण. बार्बाडोसचे 'सर्वोत्तम किनारे' म्हणून इंटरनेटवर ज्या कोणाकोणाला जे वाटलं, त्याची सरासरी काढून हे गुण दिलेले. चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, दुसरं काय करणार!

दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंगला आम्ही जी खोली घेतली होती तिच्या मालकीणबाई सत्तरीच्या. पहिल्याच सकाळी ह्यांनी मोठ्या विश्वासाने तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कागद लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "हे ठीक आहे. पण वारा कुठून आहे?"

ह्यांच्या कागदावर वाऱ्याचा रकाना नव्हता.

आम्ही तिथे का गेलो, हे आधी सांगायला हवं, कारण किनारे हे काही मूळ कारण नव्हतं. 31 मार्च 1997. बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताला जिंकायला 120 धावा हव्या होत्या आणि आपण 81 मध्ये गारद झालो. सचिन कप्तान होता. लक्ष्मणच्या 19 धावा सोडल्या तर एकालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. त्या रात्री हे जेवले नव्हते. सत्तावीस वर्षं तो घास घशात अडकलेला. त्यामुळे 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना त्याच मैदानावर आहे म्हटल्यावर, भारत तिथवर पोचेल की नाही याचा पत्ता नसताना, ह्यांनी टोरांटोच्या लेकीकरवी तिकिटं काढली. मी म्हटलं, सामना एक दिवसाचा, मग उरलेल्या दिवसांत मला समुद्र दाखवा. त्यातून ती यादी निघाली.

आता माझं. मी वेंगुर्ल्याची. घरापासून सागरेश्वरचं सुरूचं बन चालत जाण्याच्या अंतरावर. समुद्र म्हणजे पश्चिम, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की पुण्यात आले तेव्हा सुरुवातीला दिशाच कळेनात. किनारा म्हणजे एक लांब पट्टी, सूर्य त्यात बुडतो, आणि आपण पाठीमागच्या डोंगरातून उतरून त्याच्याकडे जातो. बार्बाडोसमध्ये ही सगळी भाषाच कोलमडते. अख्खा देश 34 किलोमीटर लांब, 23 रुंद, म्हणजे मुंबईहूनही लहान. समुद्र चारी बाजूंना, आणि चारी बाजूंचा समुद्र वेगवेगळ्या स्वभावाचा. कॅरिबियन बेटांच्या माळेतलं हे सगळ्यात पूर्वेचं बेट, माळेतून थोडं बाहेर सांडलेल्या मण्यासारखं. शाळेच्या भूगोलात 'व्यापारी वारे' पाठ केले होते, ते इथे प्रत्यक्ष भेटतात. वर्षभर पूर्वेकडून येतात आणि अटलांटिकच्या लाटा थेट आफ्रिकेच्या बाजूने ढकलत पूर्व किनाऱ्यावर आणून आपटतात. पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला, तिथे पाणी तळ्यासारखं. दक्षिण किनारा दोन्हींच्या मधला, त्याचा रोजचा मूड वेगळा.

आमच्याकडे समुद्रावर जाताना तिथी बघतात. अष्टमी आहे का, पुनव आहे का, भरती किती वाजता. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरवर चढतं. बार्बाडोसला भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आतबाहेर. किनारा सकाळी जेवढा तेवढाच संध्याकाळी. म्हणून तिथे तिथी विचारत नाहीत, वारा विचारतात. हे मला नंतर समजलं. त्या सकाळी आम्ही दोघांनी मालकीणबाईंकडे बघून नुसतंच हसून घेतलं आणि यादीतल्या क्रमांक एकवर निघालो.

निघताना त्यांनी ह्यांना दारातच अडवलं. ह्यांनी लष्करी छापाची, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची टोपी घातली होती. "ती काढा. पोलीस धरतील." आम्हाला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. बार्बाडोसमध्ये सैन्याबाहेरच्या माणसाने तसला छाप अंगावर घालणं कायद्याने गुन्हा आहे, अगदी लहान मुलांनासुद्धा. टोपी घरी राहिली आणि ह्यांचं टक्कल पुढचे दहा दिवस भाजून निघालं.

क्रमांक एक म्हणजे बॉटम बे, आग्नेय टोकाला. 'सॅम लॉर्ड्स कॅसल' पाटीची सरकारी बस, निळ्या रंगाची, पिवळ्या पट्ट्याची. भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, मग तुम्ही दोन थांबे जा की बेटाच्या दुसऱ्या टोकाला. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा हिशेब ह्यांना पहिल्याच दिवशी आवडून गेला. बसमध्ये चढणारा प्रत्येक जण आत पाऊल टाकताना सगळ्या बसला उद्देशून 'गुड मॉर्निंग' म्हणतो आणि अख्खी बस उत्तर देते. आपल्या पीएमटीत हे करून बघायला पाहिजे.

उतरून उन्हात अर्धा तास चाललो. बार्बाडोस ज्वालामुखीचं बेट नाही, शेजारची बहुतेक बेटं तशी आहेत. हे बरंचसं प्रवाळाच्या चुनखडीचं. त्यामुळे या बाजूला समुद्र थेट दिसतच नाही, दिसतो तो कडा. कड्यात कापलेल्या पायऱ्या उतरायच्या, आणि मग दोन भिंतींमध्ये धरलेली वाळूची ओंजळ, त्यात चार माड. फोटोत हे सगळं तस्संच आहे. फोटोत नसतं ते तपकिरी शेवाळ. पाण्याच्या काठाने गुडघाभर उंचीचा त्याचा बांध घातलेला, वर माशा, आणि नासक्या अंड्यांचा वास. सरगॅसम म्हणतात त्याला. 2011 पासून ते अटलांटिकवरून लोंढ्यांनी येऊ लागलंय, उन्हाळ्यात जास्त, आणि अर्थातच वारा जिकडून येतो त्याच बाजूला लागतं. पूर्वेला आणि दक्षिणेला. ह्यांच्या यादीतले पहिले चार किनारे त्याच बाजूचे होते.

"नऊ पूर्णांक दोन गुण," हे नाकाला रुमाल लावून म्हणाले.

परत आल्यावर मालकीणबाईंनी काही विचारलं नाही. लिंबू पिळलेलं थंडगार पाणी पुढे ठेवलं, आणि यादीचा कागद फ्रिजला चुंबकाने लावून टाकला. तो शेवटपर्यंत तिथेच होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांच्या हाताखाली शिकाऊ झालो. पहिला धडा बसथांब्याचा. इथल्या थांब्यांवर गावाचं नाव नसतं. एका बाजूला लिहिलेलं असतं 'शहराकडे', समोरच्या बाजूला 'शहराबाहेर'. बस, संपलं. गोल बेट आहे, दोनच दिशा. दुसरा धडा झेड-आरचा. पांढऱ्या, तांबूस पट्ट्याच्या छोट्या व्हॅन, नंबरप्लेट झेड-आर अक्षरांनी सुरू होते म्हणून नावही तेच. आपल्या वडापची सख्खी मावसबहीण. सरकारी बसच्या एका फेरीत हिच्या पाच होतात. दाराशी लोंबकळणारा पोरगा तुम्ही रस्त्याच्या पलीकडे नुसते उभे असलात तरी तुम्हाला कुठे जायचंय ते ठरवून टाकतो. चौघांच्या बाकावर पाच, गाणं एवढ्या आवाजात की छातीत धडधडावं. वर्दिंगवरून अकरा नंबर जातो, एकीकडे ब्रिजटाउन, दुसरीकडे ऑइस्टिन्स, सिल्व्हर सँड्स. माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईने तिची पिशवी ठेवली, बोलली काहीच नाही. मला एकदम कुडाळ-वेंगुर्ला एसटीत बसल्यासारखं वाटलं.

बाथशीबाला मात्र सरकारी बसनेच गेलो, फेअरचाइल्ड स्ट्रीटच्या स्टँडवरून. हा पूर्वेचा किनारा, 'पोहू नका' अशी कीर्ती असलेला. पूर्वी ब्रिजटाउनहून इकडे आगगाडी यायची, 1937 साली बंद झाली. बस उसाच्या शेतांतून चढत जाते, वर कड्यावर येते आणि मग एकदम खाली सगळं उघडं पडतं. हा समुद्र बघून मी पहिल्यांदा गप्प झाले. पाण्यात मोठमोठाले खडक उभे आहेत, कड्यावरून कधीकाळी घरंगळलेले, आणि लाटांनी त्यांची तळाची बाजू खाऊन खाऊन अळंब्यांसारखी केलेली. एकेक खडक घराएवढा आणि देठ एवढासा. वर झुडपं उगवलेली. 'सूप बोल' म्हणतात तिथे लाटांवर फळ्या घेऊन पोरं चढत होती, बाकी कोणी पाण्यात नाही. खडकांच्या आडोशाला डबकी धरली होती, त्यांत म्हाताऱ्या बायका कमरेइतक्या बसून गप्पा मारत होत्या.

दिवस कलला आणि किनाऱ्यावर सावली पडली. मला क्षणभर उमगेना. समुद्रावर संध्याकाळ म्हणजे सोनं सांडायची वेळ. इथे सूर्य आमच्या पाठीमागच्या डोंगराआड चालला होता. पाणी समोर काळं-निळं होत होतं, आणि प्रकाश लांब, क्षितिजाजवळ, आमच्यापर्यंत न पोचणारा. कोकणातल्या माणसाला पूर्वेचा समुद्र पाठमोरा वाटतो, घरातलं माणूस पाठ करून बसावं तसा.

माझी आजी म्हणायची, "दर्याक पाठ दाखवूची नाय." तिने आयुष्यभर समुद्राच्या आवाजात झोप काढली, पण पाय भिजवण्यापलीकडे ती पाण्यात कधी गेली नाही. मीही नाही. हे पुण्यातल्या मैत्रिणींना पटत नाही. त्यांना वाटतं, समुद्राकाठची मुलगी म्हणजे मासोळीच. अहो, आमच्याकडे समुद्र हा रापण ओढायचा, नारळ अर्पण करायचा, घाबरायचा. जूनमध्ये तर नावच नको. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या झापांखाली, आणि पाण्याचा रंग असा की बघवत नाही. आणि इथे, जून संपायला आलेला, पाणी काचेसारखं, आणि माझ्या आईच्या वयाच्या बायका त्यात खुशाल उभ्या.

पश्चिम किनारा हा पैसेवाल्यांचा. प्लॅटिनम कोस्ट असंच म्हणतात. होलटाउनपासून वर-खाली हॉटेलं आणि बंगल्यांची अखंड भिंत, रस्त्यावरून समुद्राचा ठिपका दिसत नाही. बार्बाडोसमध्ये किनारे सगळे सार्वजनिक, कोणालाही अडवता येत नाही, पण किनाऱ्यापर्यंत जाणार कुठून? मालकीणबाईंनी सांगितलं होतं: भिंती बघू नका, भिंतींमधल्या फटी बघा. पेन्स बेजवळ तशी एक फट सापडली. दोन कुंपणांमधली बोळ, दोघं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं इतकी, आणि तोंडाशी लहानशी पाटी. पन्नास पावलं गेलो आणि भस्सकन ते पाणी. एका हॉटेलच्या रखवालदाराने आम्हाला हाताने 'तिकडे, तिकडे' केलं. आम्ही निमूटपणे सरकायला लागलो. शेजारी नारळपाणी विकणारा मनुष्य हातातला कोयता न थांबवता म्हणाला, "खुर्च्या त्याच्या. वाळू त्याची नाही. बसा." बसलो. ह्यांनी तर पाय जरा जास्तच लांब केले.

तिथेच मी मरता मरता वाचले, म्हणजे ह्यांच्या भाषेत. ऊन चढलं तशी मी एका झाडाखाली निघाले. मस्त डेरेदार, चकचकीत पानं, खाली लहान लहान हिरवी सफरचंदं पडलेली. खोडावर लाल रंगाचा पट्टा. मला वाटलं, वनखात्याने मोजणीसाठी मारला असेल. नारळवाला ओरडत धावत आला. ते मँचिनील. स्पॅनिश लोकांनी त्याला 'लहान सफरचंद' असं गोड नाव दिलंय, पण फळ विषारी, आणि पानांतला, खोडातला पांढरा चीक कातडीला लागला की भाजल्यासारखे फोड. पावसात तर त्याच्याखाली उभंसुद्धा राहायचं नाही, पानावरून ओघळलेलं पाणीही पोळतं. म्हणून लाल पट्टा. तोडत का नाहीत, मी विचारलं. मुळं वाळू धरून ठेवतात, तो म्हणाला. ते झाड गेलं तर वाळूही जाईल. मला बिब्ब्याची आठवण झाली. आमच्याकडे बिब्ब्याच्या झाडाजवळून जाताना आई हात धरून पलीकडून नेई. उतला की तोंड सुजून भोपळा. अनोळखी मुलखात ओळखीची भीती भेटली की बरं वाटतं, हे मी हसण्यावारी सांगत नाही.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला मालकीणबाईंनी दार वाजवलं. "सी-बाथ," एवढंच म्हणाल्या. तिथल्या लोकांचा हा शब्द. पोहणं नाही, सी-बाथ. अंघोळच ती. कार्लाइल बेच्या पेबल्स किनाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं आणि पाण्यात घोडे होते. खरेखुरे, शर्यतीचे घोडे. जवळच गॅरिसन सव्हानाचं रेसकोर्स आहे, तिथून त्यांना रोज पहाटे रस्ता ओलांडून समुद्रावर आणतात. एक तपकिरी घोडी पाण्याच्या कडेला अडून बसली होती. पुढचा एक पाय पाण्यात टाकायची, लाट आली की उचलायची. लगाम धरलेला पोरगा तिला ओढत नव्हता. तो नुसता पाठमोरा, छातीभर पाण्यात, दोर सैल सोडून उभा. बराच वेळ. मग ती आपल्या आपण आली. खुरं सुटली, पाठ बुडाली, आणि फक्त डोकं आणि फेंदारलेल्या नाकपुड्या पाण्यावर, फुर्रर्र फुर्रर्र करत ती माझ्यासमोरून पोहत गेली. मी गुडघाभर पाण्यात होते. मालकीणबाई माझ्यापुढे दहा हातांवर, गळ्याइतक्या पाण्यात, डोक्यावर गवती हॅट, शेजारणीशी कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत. त्यांनी मला बोलावलं नाही. मी गेले नाही.

संध्याकाळी ऑइस्टिन्सला मासे खायला गेलो, शुक्रवारी तिथे जत्राच असते. फलकावर 'डॉल्फिन' वाचून हे उठून चालू लागले होते. तो मासा निघाला, माही-माही, डॉल्फिनशी नात्यागोत्याचाही नाही. मी उडता मासा खाल्ला, तो तिथला राष्ट्रीय मासा. आमच्याकडे त्याला पाखरू म्हणतात. सोबत भाजलेला नीरफणस होता आणि त्यावर मी ताव मारला.

शनिवारचा सामना तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, मी काय सांगणार. सात धावांनी जिंकलो. रोहितने खेळपट्टीवरचं गवत तोंडात टाकलं तेव्हा हे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते आणि 'एक्क्याऐंशी, एक्क्याऐंशी' म्हणत होते. पुढच्या रांगेतल्या पोरांना वाटलं, कुणाचा तरी स्ट्राइक रेट असेल.

आणि मग बेरिल चक्रीवादळ आलं. आमचं परतीचं विमान सोमवारी होतं. विमानतळ बंद झाला, खुद्द भारतीय संघ हॉटेलात अडकला. मालकीणबाईंनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या, ह्यांनी खिळे धरले. वादळ दक्षिणेकडून निघून गेलं, घरांना तसा फार धक्का लागला नाही, पण समुद्र त्या बाजूने आला ज्या बाजूने तो कधी येत नाही. आडोशाची म्हणून जी बाजू ओळखली जाते, तिथेच तो घुसला. ब्रिजटाउनच्या मच्छीमार बंदरात होड्या एकमेकींवर चढून फुटल्या. आम्ही मंगळवारी बघायला गेलो आणि दोन मिनिटांत परतलो. फुटलेली होडी मला बघवत नाही. बंदरातली बायामाणसं जशी उभी होती, तशी उभी राहिलेली मी लहानपणी पाहिलीत.

विमानांत जागा मिळता मिळता शुक्रवार उजाडणार होता. गुरुवारी, 4 जुलैला, मालकीणबाई अंगणात उभ्या राहून तोंड वर करून थांबल्या, मग म्हणाल्या, "आज चालेल." दहा वाजले होते, सी-बाथची वेळ कधीच टळलेली. गेलो ते कुठल्याही यादीत नसलेल्या, गल्लीच्या टोकाच्या किनाऱ्यावर. वाळूचा बराच भाग वाहून गेला होता, एका ठिकाणी सिमेंटचा तुकडा उघडा पडलेला, पाणी अजून थोडं गढूळ. ह्यांना पाण्यात रस नव्हता. मुंबईत तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते, संघ पोचला होता, आणि फोनवर मरीन ड्राइव्ह दिसत होता.

मी चष्मा ह्यांच्या शर्टाच्या खिशात घातला, चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली. गुडघ्यापर्यंत नेहमीचं. कमरेला जरा श्वास अडकला. मग एक मोठी लाट आली आणि मी उडी मारायला विसरले, ती माझ्या अंगावरून नाही, अंगाखालून गेली. मला तिने उचललं आणि ठेवलं. मालकीणबाई तिथेच होत्या, हॅटसकट, गळ्याइतक्या. त्यांनी सरकून जागा करून दिली, बसमध्ये देतात तशी. त्यांची शेजारीण मला 'गुड मॉर्निंग' म्हणाली आणि त्यांचं लग्नाचं बोलणं पुढे सुरू झालं.

"अगं, बघ! बघ ना किती माणसं!" काठावरून हे ओरडत होते. हात लांब करून त्यांनी फोन माझ्याकडे धरला होता. मला तिथून एक हललेला उजेड दिसला. चष्मा त्यांच्याच खिशात होता.